खबऱ्याचं नाव नको, हिशेब दाखवा

डिसेंबर १९७५. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे एक साक्षीदार येऊन बसला, तो डोक्यावरून मानेपर्यंत कापडी टोपडं ओढून. डोळ्यांपुरती भोकं, बाकी चेहरा झाकलेला. कॅमेऱ्यांना चेहरा दिसू नये म्हणून ही सोय. पण तो माणूस काही वर्षं कू क्लक्स क्लॅनमध्ये, म्हणजे तसलीच टोपडी घालून काळ्यांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेत, वावरला होता, त्यामुळे ते टोपडं बघणाऱ्यांना भलतंच काही आठवलं असणार.

त्याचं नाव गॅरी थॉमस रो. अलाबामा राज्यातल्या क्लॅनमध्ये घुसवलेला एफबीआयचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेचा, पगारी खबऱ्या. १९६१च्या मे महिन्यात बर्मिंगहॅमच्या बसस्थानकावर 'फ्रीडम रायडर्स', म्हणजे बसमधल्या वंशभेदाविरुद्ध प्रवासाला निघालेले कार्यकर्ते, उतरले, तेव्हा क्लॅनच्या टोळक्याने त्यांना बेदम मारलं. असं होणार, स्थानिक पोलीस क्लॅनला पंधरा मिनिटं मोकळीक देणार, हे रोने एफबीआयला आधीच कळवलं होतं. कुणीही थांबवलं नाही. मारणाऱ्यांत रो स्वतःही होता. पुढे मार्च १९६५ मध्ये व्हायोला लिउझो या नागरी हक्क कार्यकर्तीला धावत्या गाडीतून गोळ्या घातल्या गेल्या. त्या गाडीतही रो बसलेला होता.

खबऱ्यांच्या वापरातला सगळा पेच या एका माणसात आहे. माहिती खरी होती, वेळेवर मिळाली होती. तरी ती मिळवण्यासाठी सरकारने कुणाला पोसलं, त्याच्याकडे किती कानाडोळा केला आणि त्या माहितीचं पुढे केलं काय, हे विचारायला चौदा वर्षं गेली. विचारलं कुणी? कोर्टाने नाही, पोलिसांच्या वरिष्ठांनी नाही. निवडून आलेल्या सिनेटरांनी. हा लेख त्या विचारण्याबद्दल आहे: पोलिसांच्या खबऱ्यांवर कायदेमंडळाची नजर कशी असते, कुठवर पोचते आणि कुठे अडते.

आधी खबऱ्या म्हणजे कोण ते पाहू. साध्या नागरिकाने फोन करून सांगितलं की शेजारच्या घरात काहीतरी गडबड आहे, तर तो खबऱ्या नव्हे. ज्याला खबर देण्याचा मोबदला मिळतो, तो खबऱ्या. मोबदला दोन प्रकारचा. एक रोख. दुसरा, आणि अमेरिकेत प्रचंड चालणारा, म्हणजे सूट. माणूस लहानसहान गुन्ह्यात सापडतो, पोलीस त्याला सांगतात की आमच्यासाठी काम कर, तुझ्यावरच्या कलमांचं बघू. चोराच्या वाटा चोराला ठाऊक असतात, म्हणून अमली पदार्थ आणि संघटित टोळ्यांच्या तपासात खबऱ्याशिवाय पान हलत नाही, हे पोलिसांचं म्हणणं खोटं नाही. अशा गुन्ह्यांत फिर्यादीच नसतो. विकणारा तक्रार करत नाही, घेणाराही करत नाही.

काम कसं चालतं ते जवळून बघण्यासारखं आहे. मराठी बातम्यांत 'बनावट गिऱ्हाईक पाठवून' असं आपण वाचतो, तोच हा प्रकार. नियमाप्रमाणे आधी खबऱ्याची अंगझडती होते, खिशात स्वतःचा माल किंवा पैसे नाहीत ना ते बघतात. मग नंबर टिपून ठेवलेल्या नोटा त्याच्या हातात देतात. तो घरात शिरतो, बाहेर येतो, आणि या सगळ्या वेळात पोलिसांची नजर त्या दारावर. बाहेर आल्यावर पुन्हा अंगझडती. आत जाताना पैसे होते आणि माल नव्हता, येताना माल आहे आणि पैसे नाहीत, म्हणजे त्या घरात विक्री झाली. मग अधिकारी प्रतिज्ञापत्र लिहितो की एका विश्वासू खबऱ्याने अमुक घरातून माल विकत घेतला. न्यायाधीश ते वाचून झडतीचं वॉरंट देतात. खबऱ्याचं नाव त्यात नसतं.

नीट पाळली तर पद्धत चांगली आहे. पण यातली प्रत्येक पायरी पोलिसांच्याच डोळ्यांसमोर घडते आणि बाहेर येतो तो फक्त एक कागद. अंगझडती झालीच नाही, नोटा दिल्याच नाहीत, खबऱ्या त्या गल्लीत गेलाच नाही, तरी कागद अगदी तसाच दिसेल.

अटलांटात २१ नोव्हेंबर २००६ला नेमकं हेच झालं. एका लहान विक्रेत्याने पकडल्यावर एका घराकडे बोट दाखवलं. पोलिसांना तिथे आपला खबऱ्या पाठवायचा होता, ते जमलं नाही. मग त्यांनी खबऱ्याने तिथे माल घेतला असं लिहून टाकलं आणि दार न ठोठावता घुसायचं वॉरंट मिळवलं. घरात कॅथरिन जॉन्स्टन ही नव्वदीच्या घरातली एकटी बाई होती. संध्याकाळी कुणी दार फोडतंय म्हणून तिने जुन्या रिव्हॉल्व्हरमधून एक गोळी झाडली. पोलिसांनी ३९ झाडल्या. ती जागीच गेली. घरात काहीच सापडलं नाही तेव्हा पोलिसांनी स्वतःकडचा गांजा तिथे ठेवला आणि खबऱ्याला फोन केला: तू आज तिथून माल घेतलास असं सांग.

इथे गोष्ट उलटली. खबऱ्याने ऐकलं नाही. त्याने केंद्रीय अधिकाऱ्यांना आणि टीव्हीवाल्यांना खरं सांगून टाकलं. या सगळ्या व्यवहारात ज्याच्या शब्दाला सगळ्यात कमी किंमत असं आपण धरून चालतो, तोच एकटा खरं बोलला. तीन अधिकारी २००९ मध्ये पाच ते दहा वर्षांसाठी तुरुंगात गेले. तो माणूस गप्प बसला असता तर ते प्रतिज्ञापत्र आजही फायलीत खरं म्हणून पडून राहिलं असतं.

मग कोर्ट काय करतं, असा प्रश्न येतोच. अमेरिकेत नव्वद टक्क्यांहून जास्त शिक्षा खटला न चालवता होतात. आरोपी गुन्हा कबूल करतो, त्या बदल्यात शिक्षा कमी होते. खटलाच उभा राहिला नाही तर उलटतपासणी नाही, आणि खबऱ्याला कुणी काही विचारतही नाही. शिवाय खबऱ्याची ओळख लपवण्याचा सरकारचा हक्क सुप्रीम कोर्टाने १९५७च्या रोव्हिआरो खटल्यात मान्य केलेला आहे. बचावासाठी ती ओळख खरोखर गरजेची असेल तरच तो हक्क मागे सरतो. तिसरी गोष्ट कामगार पुढारी जिमी हॉफाच्या खटल्यातली. त्याच्या गोटात सरकारचा माणूस बसला होता. १९६६ मध्ये कोर्टाने सांगितलं की तुम्ही चुकीच्या माणसावर विश्वास टाकलात, तर राज्यघटना तुम्हाला वाचवायला येणार नाही. थोडक्यात, खबऱ्या पेरायला वॉरंटही लागत नाही.

कोर्टाचा दरवाजा असा अर्धा मिटलेला असल्यामुळे उरतं ते कायदेमंडळ. अमेरिकेत केंद्रात काँग्रेस (म्हणजे पक्ष नव्हे, तिथली संसद) आणि राज्यांत त्यांची त्यांची विधिमंडळं. त्यांच्या हातात चार गोष्टी: साक्षीला बोलावणं, कागद मागणं, पैसा अडवणं आणि कायदा करणं. ऐकायला भरभक्कम. पण इथली अडचण वेगळी आहे. ज्याच्यावर नजर ठेवायची, गुपितही त्याच्याच कपाटात. धरण किंवा पूल बांधण्यात घोटाळा झाला तर पूल तरी समोर उभा असतो, जाऊन मोजता येतो. खबऱ्यांच्या बाबतीत मोजायची वस्तूच लपवलेली, तीही कायद्याने.

सिनेटच्या त्या चौकशीनंतर, म्हणजे सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीनंतर, काय झालं ते बघा. काँग्रेस एफबीआयसाठी कायदाच करेल असा रंग होता. त्याआधीच १९७६ मध्ये ॲटर्नी जनरल, म्हणजे एफबीआय ज्याच्या हाताखाली येते त्या न्याय खात्याचे प्रमुख, एडवर्ड लेव्ही यांनी खात्याची स्वतःची लेखी नियमावली आणली. १९७९ मध्ये एफबीआयसाठी सनदेचं, म्हणजे तिचे अधिकार आणि मर्यादा ठरवणारं, विधेयक मांडलं गेलं, ते पुढे मंजूर झालं नाही. नियमावल्या मात्र वाढत गेल्या: १९८० मध्ये एक, २००१ मध्ये एक, २००६ मध्ये आणखी एक. त्यातले नियम वाईट नाहीत, काही तर फार बारकाईने लिहिलेले आहेत. पण ही खात्याने खात्यासाठी लिहिलेली शिस्त आहे. मोडली तर कुणाला कोर्टात जाता येत नाही, हेही त्यातच लिहिलेलं असतं.

आणि मोडली जाते का? न्याय खात्याचा 'इन्स्पेक्टर जनरल' असतो. नावावरून फसू नका, हा पोलिसातला वरिष्ठ नव्हे. खात्याच्या आत बसून खात्याचीच तपासणी करायची आणि अहवाल काँग्रेसलाही द्यायचा, अशी ही खुर्ची काँग्रेसने कायद्याने निर्माण केली आहे. २००५ मध्ये या कार्यालयाने एफबीआयच्या १२ शाखांमधल्या १२० खबऱ्यांच्या फायली काढल्या. ८७ टक्के फायलींत नियमावलीचा किमान एक तरी भंग सापडला. कुठे खबऱ्याची पात्रता तपासलेली नाही, कुठे त्याला गुन्हा करायची परवानगी वेळेवर घेतलेली नाही. हो, 'गुन्हा करायची परवानगी' असा प्रकार आहे. टोळीत राहायचं तर टोळीसारखं वागावं लागतं, म्हणून विशिष्ट गुन्हे करायला खबऱ्याला लेखी मुभा देतात. त्यात हिंसाचाराला परवानगी नाही. २०११ या एका वर्षात एफबीआयने अशी मुभा किमान ५,६५८ वेळा दिली. हा आकडा २०१३ मध्ये लोकांपुढे आला, तोही एका वर्तमानपत्राने माहितीच्या हक्काखाली मागितला म्हणून.

आता बॉस्टनकडे जाऊ. या विषयात बॉस्टनपाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मार्च १९६५ मध्ये बॉस्टनजवळच्या चेल्सी गावात एडवर्ड डीगन नावाच्या एका लहानशा गुंडाचा खून झाला. त्याला मारायचं ठरतंय हे एफबीआयला काही दिवस आधीच ठाऊक होतं, कारण माफियाप्रमुखाच्या कार्यालयात त्यांनी चोरून मायक्रोफोन बसवला होता. मारणाऱ्यांपैकी एक जोसेफ बार्बोझा पुढे सरकारी साक्षीदार झाला. आपल्या साथीदाराला त्याने साक्षीतून वगळलं, कारण त्याला बुडवायचं नव्हतं. एफबीआयलाही त्याला बुडवायचं नव्हतं, कारण त्याला खबऱ्या करायचं चाललं होतं. रिकामी जागा भरायला बार्बोझाने ज्यांचा संबंधच नव्हता अशी नावं घेतली. १९६८ मध्ये शिक्षा झाली, त्यातले चौघं निर्दोष होते. दोघं तुरुंगातच मेले. बाकी दोघांनी तीस-तीस वर्षं काढली. ते निर्दोष आहेत हे दाखवणारे कागद या सगळ्या काळात एफबीआयच्याच फायलीत होते. ते बाहेर आले २०००च्या अखेरीस.

तिथून प्रतिनिधीगृहाच्या, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाच्या, समितीने हे प्रकरण हातात घेतलं. अध्यक्ष होते रिपब्लिकन पक्षाचे डॅन बर्टन. मे २००१ मध्ये बार्बोझाला हाताळणारा निवृत्त एफबीआय अधिकारी एच. पॉल रिको साक्षीला आला. निर्दोष माणसं इतकी वर्षं आत सडली, वाईट वाटतं का, असं विचारल्यावर त्याने उलट विचारलं, तुम्हाला काय हवंय, डोळ्यांतून पाणी? कोर्टात पुराव्याचे नियम असतात, असा प्रश्न कुणी विचारूच दिला नसता. समितीत विचारता आला, आणि उत्तर नोंदीत कायमचं राहिलं. सुनावणीचा उपयोग काय असं कुणी म्हटलं की मला आधी हे उत्तर आठवतं.

समितीने न्याय खात्याकडे सरकारी वकिलांची जुनी टिपणं मागितली. डिसेंबर २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी विशेषाधिकार वापरून ती द्यायला नकार दिला. समितीचा अध्यक्ष त्यांच्याच पक्षाचा होता, आणि कागद तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या, बहुतेक मेलेल्या माणसांबद्दलचे होते. तरीही नाही. कोणत्या जिवंत खबऱ्याच्या जिवाला त्यातून धोका होता हे कुणी सांगू शकलं नाही. समितीने सुनावण्यांवर सुनावण्या लावल्या, दोन्ही पक्षांचे सदस्य एका सुरात बोलले, तेव्हा २००२ मध्ये तडजोड होऊन कागद बघायला मिळाले. पुढे समितीचा भलामोठा अहवाल आला. शीर्षकासाठी त्यांनी लॉर्ड ॲक्टनचं वाक्य घेतलं, त्याचा अर्थ असा की जे जे गुप्त ते ते नासतं. जुलै २००७ मध्ये न्यायाधीश नॅन्सी गर्टनर यांनी त्या चौघांना आणि त्यांच्या कुटुंबांना मिळून १० कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यायचा हुकूम सरकारला केला.

याच बॉस्टन शाखेत पुढे जेम्स 'व्हाइटी' बल्जर हा टोळीप्रमुख वर्षानुवर्षं खबऱ्या म्हणून नोंदलेला होता आणि त्या आडोशाने खून करत होता. त्याला हाताळणारा अधिकारी जॉन कॉनोली त्याला आतल्या बातम्या देत होता. कोण कुणाचा खबऱ्या, हा प्रश्न तिथे विचारण्यात अर्थ उरला नव्हता.

अटलांटाच्या प्रकरणानंतर जुलै २००७ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीच्या दोन उपसमित्यांनी खास खबऱ्यांच्या वापरावर एकत्र सुनावणी घेतली. जॉन्स्टनबाईंच्या कुटुंबाच्या वतीने बोलणारे आले, एफबीआयचे अधिकारी आले, या विषयावर आयुष्य घातलेल्या कायद्याच्या प्राध्यापक अलेक्झांड्रा नाटापॉफ आल्या. त्यांचा मुद्दा साधा होता: देशात किती खबरे आहेत, त्यांनी किती गुन्हे केले, त्यांच्यामुळे किती गुन्हे सुटले, याची मोजदादच होत नाही. मोजलं नाही तर ही पद्धत फायद्याची की तोट्याची हे कोण सांगणार? पोलीस म्हणणार फायद्याची, आणि पुरावा मागितला की तो गुप्त.

पैशाच्या बाबतीत तरी मोजता येतं. इन्स्पेक्टर जनरलने २०१६ मध्ये अमली पदार्थविरोधी खात्याचे, म्हणजे डीईएचे हिशेब तपासले. पाच वर्षांत १८ हजारांवर खबरे कामावर, त्यांतल्या ९ हजारांहून जास्त जणांना मिळून सुमारे २३ कोटी ७० लाख डॉलर दिलेले. त्यातला एक प्रकार वाचून हसावं की रडावं कळत नाही. ॲमट्रॅक ही सरकारच्या मालकीची रेल्वे कंपनी. तिच्या एका कर्मचाऱ्याला डीईएने वीसेक वर्षांत ८,५४,४६० डॉलर दिले, प्रवाशांची माहिती पुरवण्यासाठी. ॲमट्रॅकचे पोलीस डीईएबरोबर एका संयुक्त पथकात होतेच, आणि हीच माहिती त्यांच्याकडून फुकट मिळाली असती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात काँग्रेसच्या समितीने यावर सुनावणी घेतली. पैशाचा आकडा समोर असला की खासदारांना प्रश्न सुचतात. आकडा नसला की भाषणं होतात.

मग हा आकडा कायद्याने का मागू नये? मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी स्टीफन लिंच यांनी तेच केलं. केंद्रीय तपास यंत्रणांनी आपल्या खबऱ्यांनी केलेल्या गंभीर गुन्ह्यांची माहिती वर्षातून दोनदा काँग्रेसला द्यावी, असं विधेयक त्यांनी २०११ पासून एकाहून अधिक वेळा मांडलं. त्यात खबऱ्याची ओळख मागितलेलीच नाही. ते कायदा झालं नाही.

राज्यांत थोडी हालचाल झाली, पण तिची तऱ्हा वाईट आहे. बहुतेक कायदे कुणीतरी मेल्यावर आले, काहींना तर मेलेल्या माणसाचंच नाव आहे. कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये १७ वर्षांचा एक मुलगा पोलिसांसाठी काम केल्यानंतर मारला गेला. त्यानंतर कायदा झाला की १२ वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल खबऱ्या म्हणून वापरायचं नाही, त्याहून मोठ्या अल्पवयीनासाठी न्यायाधीशाची परवानगी घ्यायची. म्हणजे तोवर हे लिहिण्याची गरजच कुणाला वाटली नव्हती.

फ्लोरिडातला 'रेचलचा कायदा' सगळ्यात गाजलेला. रेचल हॉफमन २३ वर्षांची, नुकतीच पदवीधर झालेली. एप्रिल २००८ मध्ये टॅलाहासी पोलिसांना तिच्या घरात गांजा आणि थोड्या गोळ्या सापडल्या. आमच्यासाठी काम कर, म्हणाले. वकिलाशी तिचं बोलणं झालं नाही. ७ मे रोजी तिला १३ हजार डॉलर देऊन एक्स्टसी या नशेच्या दीड हजार गोळ्या, कोकेन आणि एक पिस्तूल विकत घ्यायला दोन अनोळखी माणसांकडे पाठवलं. आयुष्यात तिने बंदूक कधी खरेदी केली नव्हती. समोरच्यांनी ऐनवेळी जागा बदलली, मागावरच्या पोलिसांच्या नजरेतून ती सुटली. तिच्याकडचं लपवलेलं ध्वनियंत्र त्या दोघांना सापडलं आणि जे पिस्तूल ती घ्यायला गेली होती त्यानेच तिला मारलं.

तिच्या आईवडिलांनी विधिमंडळाचे उंबरे झिजवले आणि एका वर्षात, २००९ मध्ये, कायदा झाला. मूळ मसुद्यात दात होते: काम देण्याआधी वकिलाचा सल्ला सक्तीचा, व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्याला खबऱ्या करायला बंदी. पोलीस संघटनांनी विरोध केला आणि दात एकेक करून पडले. आता कायदा म्हणतो की त्या माणसाने स्वतः मागितलं तर वकिलाशी बोलायची संधी द्या, पण सरकारी खर्चाने वकील मिळेल असं नाही. शिक्षेत सूट मिळेल असं वचन देऊ नका. वय, परिपक्वता, व्यसनाचा इतिहास लक्षात घ्या. अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्या, लेखी धोरण ठेवा. आणि हे पाळलं नाही म्हणून खबऱ्याला कोणताही हक्क सांगता येणार नाही. मला हा कायदा निरुपयोगी वाटत नाही. प्रशिक्षण आणि लेखी धोरण यानेही जीव वाचतात. पण पोलीस ठाण्यात घाबरून बसलेली तेवीस वर्षांची मुलगी आपणहून वकील मागेल, या गृहीतकावर तो उभा आहे.

तुरुंगातल्या खबऱ्यांची तऱ्हा वेगळी, आणि त्यांच्यावरचे कायदे जास्त धड झाले आहेत. हे बाहेर जाऊन काही घेत-देत नाहीत. शेजारच्या कोठडीतल्या आरोपीने माझ्याजवळ खून कबूल केला, एवढं सांगतात. १९८८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये लेस्ली व्हाइट नावाच्या कैद्याने हे किती सोपं आहे ते अधिकाऱ्यांसमोर करून दाखवलं. त्याला एक फोन दिला आणि कधी न भेटलेल्या एका आरोपीचं आडनाव. कधी जामीनदार, कधी पोलीस, कधी सरकारी वकील असल्याची बतावणी करत त्याने एकामागून एक कार्यालयांना फोन लावले. थोड्याच वेळात खुनाचे इतके बारकावे त्याच्याकडे होते की 'कबुलीजबाब' सहज रचता आला असता. अशा साक्षी त्याने कोर्टात दिल्याही होत्या. ग्रँड ज्युरीने, म्हणजे नागरिकांच्या चौकशी मंडळाने, चौकशी केली, १९९० मध्ये अहवाल आला. अशा साक्षीला दुसऱ्या पुराव्याचा आधार असल्याशिवाय शिक्षा देऊ नये, हा कायदा कॅलिफोर्नियाने केला २०११ मध्ये. वरातीमागून घोडं, तेही एकवीस वर्षांनी.

या क्षेत्रातलं मला सगळ्यात पटलेलं पाऊल कनेटिकटचं. २०१९ मध्ये त्या राज्याने कायदा करून तुरुंगातल्या खबऱ्यांची राज्यभराची नोंदवही ठेवायला लावली. कुणी, कोणत्या खटल्यात साक्ष दिली, बदल्यात त्याला काय मिळालं. त्यामुळे एकाच माणसाजवळ एका वर्षात पाच अनोळखी कैद्यांनी मन मोकळं केलं, असं दिसलं तर ते कुणाच्या तरी लक्षात येईल.

ब्रिटनने उलटा रस्ता घेतला आहे, तो थोडक्यात सांगतो. तिथे २०२१ मध्ये संसदेने खबऱ्यांना गुन्हा करायची मुभा देण्याची पद्धत सरळ कायद्यातच लिहिली. प्रत्येक मुभेची माहिती सात दिवसांच्या आत एका न्यायिक दर्जाच्या आयुक्ताला कळवावी लागते. खून, छळ, बलात्कार अशा गुन्ह्यांना कधीच मुभा नाही, अशी यादी कायद्यात घाला अशी मागणी झाली. सरकार म्हणालं, यादी छापली तर टोळ्या तीच वाचून खबऱ्याची परीक्षा घेतील. कॅनडाने आपल्या गुप्तचर संस्थेच्या कायद्यात जवळपास तशीच यादी छापली आहे.

पोलिसांची हरकत मी हलक्यात घेत नाही. नाव फुटलं तर खबऱ्या मरतो. नाव फुटेल अशी नुसती शंका आली तरी पुढचा माणूस तोंड उघडत नाही. आणि एखादा खासदार बातमीसाठी काय बोलून जाईल याची खात्री कुणीच देत नाही. पण ही हरकत नावापुरती आहे, आणि ती वापरली जाते आकड्यांवरसुद्धा.

याच्या शेजारी फोन टॅपिंग ठेवून बघा. तेही तितकंच गुप्त. चालू असताना कळलं तर सगळा तपास पाण्यात. तरी १९६८ पासून अमेरिकेत त्यासाठी न्यायाधीशाचा आदेश लागतो, आणि काँग्रेसला दर वर्षी एक अहवाल जातो. त्यात किती आदेश निघाले, कोणत्या गुन्ह्यांसाठी, किती लोकांचं बोलणं ऐकलं गेलं, सरासरी खर्च किती आला, किती जणांना अटक झाली आणि किती जणांवर गुन्हा सिद्ध झाला, हे सगळं असतं. अहवाल कुणालाही उघडून वाचता येतो. पन्नासहून जास्त वर्षं तो निघतोय. टॅपिंग बंद पडलेलं नाही.

ज्या फोनवर कान ठेवला त्याची ओळ त्या तक्त्यात आहे. त्याच खोलीत पैसे घेऊन बसलेल्या माणसासाठी तसा तक्ता नाही. लिंच यांच्या विधेयकात तो होता: गुन्हा कोणता, आणि किती वेळा.